कर्नलचे हेडर आणि सी लायब्ररीचे हेडर एकमेकांना धडकतात तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्सवर सी किंवा सी++ मध्ये नेटवर्क, सिरियल पोर्ट, माउंट किंवा बीपीएफचं (कर्नलच्या आत छोटे प्रोग्राम चालवण्याची सोय) काम हाती घेतलं, की कधी ना कधी कंपायलर ‘हे स्ट्रक्चर आधीच डिफाइन झालं आहे’ असं सांगून थांबतो. तो ज्या दोन हेडर फाइलींकडे (टाइप आणि फंक्शनांच्या घोषणा ठेवणाऱ्या फाइली) बोट दाखवतो, त्यांतली एकही आपण लिहिलेली नसते. दोन्ही सिस्टिमच्या, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. मग दुरुस्त काय करायचं?

खालची उत्तरं प्रामुख्याने लिनक्स कर्नल आणि ग्लिबसी (बहुतेक लिनक्स वितरणांतली सी लायब्ररी) यांच्याबद्दल आहेत. मसल या दुसऱ्या सी लायब्ररीचा प्रश्न वेगळा घेतला आहे. फाइलींची आणि मॅक्रोंची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच मूळ रोमन रूप वापरा.

एकाच स्ट्रक्चरच्या दोन व्याख्या मुळात असतातच का?

कारण लिनक्स कर्नल आणि सी लायब्ररी हे दोन स्वतंत्र प्रकल्प आहेत, आणि दोघांनाही तेच सांगणं भाग आहे. पोझिक्स हे युनिक्ससारख्या सिस्टिमांचं मानक म्हणतं की ‘नेटइनेट/इन.एच’ घेतला की आयपीव्ही६ पत्त्याचं स्ट्रक्चर मिळालं पाहिजे. हे वचन लायब्ररीने पाळायचं, खाली कर्नल कुठलाही असो. दुसरीकडे कर्नलला आपले सिस्टिम कॉल आणि आयऑक्टल (उपकरणांना द्यायच्या खास आज्ञा) जगाला समजावून सांगायचे असतात, आणि समोरच्याकडे ग्लिबसी असेलच असं त्याला धरून चालता येत नाही. म्हणून तो ‘लिनक्स/इन६.एच’ मध्ये तेच स्ट्रक्चर पुन्हा लिहितो. एकाच गटाचे दोन सातबारे, दोन वेगळ्या तलाठ्यांनी लिहिलेले, असा हा मामला आहे. जमीन तीच, वाद फक्त दोन्ही उतारे एकाच टेबलावर आले की होतो.

फ्रीबीएसडीत हा त्रास फारसा जाणवत नाही, कारण तिथे कर्नल आणि सी लायब्ररी एकाच सोर्स ट्रीमध्ये वाढतात. अँड्रॉइडच्या बायोनिक लायब्ररीने तिसरा मार्ग धरला: कर्नलचे हेडर स्क्रिप्टने साफ करून घ्यायचे आणि लायब्ररीच्या हेडरमधून सरळ तेच ओढायचे, म्हणजे दुसरी व्याख्या लिहायलाच नको. ग्लिबसीला हे सगळीकडे करता येत नाही. ती फक्त लिनक्ससाठी लिहिलेली नाही, आणि तिची काही स्ट्रक्चर कर्नलच्या स्ट्रक्चरपेक्षा जाणूनबुजून वेगळी आहेत.

म्हणून माझा पहिला सल्ला असा: एरर दिसली की ‘कोणाचं चुकलं’ हे शोधू नका. ‘या एका सी फाइलमध्ये या टाइपचा मालक कोण’ एवढं ठरवा. पुढची बहुतेक उत्तरं त्यातूनच निघतात.

/यूएसआर/इन्क्लूड/लिनक्स मधल्या फाइली म्हणजे माझ्या कर्नलचा सोर्सच ना?

नाही. पण हा समज जुना आहे आणि एके काळी खराही होता. नव्वदच्या दशकात ‘/यूएसआर/इन्क्लूड/लिनक्स’ आणि शेजारचं ‘एएसएम’ हे कर्नलच्या सोर्सकडे जाणारे सिमलिंक असत. नवा कर्नल उतरवला, सिमलिंक हलला, आणि काल कंपाइल होणारा प्रोग्राम आज अडला, असं सर्रास व्हायचं. २००० साली लिनस टॉरव्हाल्ड्सने स्पष्टच सांगितलं की हे सिमलिंक नकोत. ज्या हेडरवर ग्लिबसी कंपाइल झाली, तेच हेडर तिथे राहिले पाहिजेत.

तरीही कर्नलच्या आतलं आणि बाहेर दाखवायचं असं दोन्ही एकाच फाइलीत मिसळलेलं होतं. २००६ मध्ये २.६.१८ आवृत्तीत ‘मेक हेडर्स_इन्स्टॉल’ आलं. ते आतला भाग गाळून फक्त बाहेरच्यांसाठीचे हेडर काढून देतं. पुढे डिसेंबर २०१२ मधल्या ३.७ आवृत्तीत बाहेर दाखवायचे हेडर ‘इन्क्लूड/यूएपीआय’ (यूजरस्पेस एपीआय) या वेगळ्या डिरेक्टरीत हलवले गेले. आज तुमच्या मशिनवर जे दिसतं ते या यूएपीआय भागाचं गाळून ठेवलेलं रूप असतं.

त्यामुळे ‘-आय’ पर्यायाने कर्नलच्या सोर्समधली ‘इन्क्लूड’ डिरेक्टरी आपल्या प्रोग्रामला जोडणं हा उपाय नव्हे. तसं केलं की आधीची एक एरर जाते आणि ‘एएसएम/लिंकेज.एच सापडत नाही’ यासारख्या नव्या एररींची रांग लागते. ती डिरेक्टरी कर्नल मॉड्यूलसाठी आहे, आणि मॉड्यूलसुद्धा कर्नलच्या स्वतःच्या केबिल्ड यंत्रणेतून बांधायचं असतं.

मग नेमकं कोणतं पॅकेज बसवायचं? नावं तर सगळीकडे सारखीच दिसतात.

सारखी दिसतात, पण अर्थ वेगळे असतात. वितरणांनी इथे पुरता गोंधळ करून ठेवला आहे.

डेबियन आणि उबुंटूमध्ये यूजरस्पेससाठीचं, म्हणजे कर्नलबाहेर चालणाऱ्या प्रोग्रामांसाठीचं, पॅकेज ‘लिनक्स-लिबसी-डेव्ह’ आहे. तिथलं ‘लिनक्स-हेडर्स’ आणि पुढे आवृत्ती असं नाव असलेलं पॅकेज कर्नल मॉड्यूल बांधण्यासाठी असतं. फेडोरा आणि रेड हॅटकडे यूजरस्पेससाठी ‘कर्नल-हेडर्स’, मॉड्यूलसाठी ‘कर्नल-डेव्हल’. आर्चमध्ये यूजरस्पेससाठी ‘लिनक्स-एपीआय-हेडर्स’, मॉड्यूलसाठी ‘लिनक्स-हेडर्स’. आणि अल्पाइनमध्ये बरोबर उलटं: तिथलं ‘लिनक्स-हेडर्स’ यूजरस्पेससाठी आहे, मॉड्यूलसाठी ‘लिनक्स-एलटीएस-डेव्ह’ लागतं. डेबियनवरची डॉकरफाइल अल्पाइनवर नेताना हे हमखास विसरलं जातं.

यूजरस्पेसचं पॅकेज बहुधा सी कंपायलरसोबत आपोआप आलेलं असतं. मुद्दाम काही बसवण्याआधी ते आहे का ते बघा.

हेडरची आवृत्ती चालू कर्नलच्या आवृत्तीशी जुळलीच पाहिजे का?

नाही, आणि जुळवायला जाऊही नका. कर्नल यूजरस्पेसला दिलेला इंटरफेस मोडत नाही, हा त्यांचा सर्वात कडक नियम आहे. जुन्या हेडरवर बांधलेला प्रोग्राम नव्या कर्नलवर चालतो. नवे हेडर आणि जुना कर्नल असेल तर नवा सिस्टिम कॉल ‘ई-नोसिस’ (असा कॉलच नाही) परत देईल, किंवा अनोळखी फ्लॅगला ‘ई-इनव्हॅल’ (चुकीचं मूल्य) मिळेल. ते तपासून पर्यायी वाट ठेवायची. हेडरमध्ये मॅक्रो सापडला याचा अर्थ ‘चालू कर्नलमध्ये ही सोय आहे’ असा होत नाही. कंपाइल होतानाचं मशिन आणि प्रोग्राम चालतानाचं मशिन वेगळं असू शकतं, आणि कंटेनरच्या काळात ते बहुधा वेगळंच असतं.

अपवाद क्रॉस-कंपायलेशनचा, म्हणजे एका मशिनवर दुसऱ्या प्रकारच्या मशिनसाठी बांधण्याचा. बिल्डरूटसारखी साधनं सांगतात की टूलचेनमधले कर्नल हेडर लक्ष्य बोर्डावरच्या कर्नलपेक्षा नवे नसावेत. सी लायब्ररी स्वतःच त्या हेडरवर बांधली जाते, आणि हेडर नवे असले तर बोर्डावर नसलेला सिस्टिम कॉल ती गृहीत धरू शकते. तिथे तो नियम पाळा.

एरर आली. शोध कुठून सुरू करू?

आधी एरर पूर्ण वाचा. जीसीसी दोन्ही व्याख्यांच्या फाइली आणि ओळी सांगतो, आणि ‘इन फाइल इन्क्लूडेड फ्रॉम’ या साखळीत खरी गोम असते. बहुतेक वेळा आपण कर्नलचा तो हेडर स्वतः घेतलेलाच नसतो. तिसऱ्याच हेडरने तो आत आणलेला असतो.

साखळी लांब असेल तर जीसीसीला मोठ्या एचचा पर्याय द्या. कोणता हेडर कोणी ओढला ते तो टिंबांच्या झाडासारखं छापतो. जितकी टिंबं, तितकी खोली. एखादा मॅक्रो नेमका कुठे आणि कोणत्या किमतीने ठरला हे हवं असेल तर ‘-ई -डीडी’ लावून प्रीप्रोसेसरचं आउटपुट फाइलीत घ्या आणि त्यात शोधा.

मग पाच-सहा ओळींची वेगळी सी फाइल करा. तिच्यात फक्त ते दोन हेडर आणि रिकामा मेन. एरर तिथेही येत असेल तर दोष तुमच्या मेकफाइलचा नाही. येत नसेल तर तुमच्या प्रकल्पातला एखादा फीचर मॅक्रो, ‘-आय’चा मार्ग किंवा स्वतःकडे ठेवलेली जुनी हेडरची प्रत तपासा.

हेडरचा क्रम बदलला आणि एरर गेली. हे जादूटोण्यासारखं का वाटतं?

जादूटोणा नाही, करार आहे. तो ‘लिनक्स/लिबसी-कॉम्पॅट.एच’ या फाइलीत लिहिलेला आहे. २०१३ मध्ये, ३.१२ आवृत्तीत ती आली, मुख्यतः आयपीव्ही६च्या स्ट्रक्चरवरून ग्लिबसीशी होणारी टक्कर सोडवायला. कर्नलचा हेडर आधी बघतो: ग्लिबसी आहे का? तिचा ‘नेटइनेट/इन.एच’ आधीच येऊन गेला आहे का? उत्तर हो असेल तर ‘__यूएपीआय_डेफ_इन६_ॲडर’ सारखे मॅक्रो शून्य होतात आणि कर्नल आपली व्याख्या गिळून टाकतो. आयपीव्ही६च्या बाबतीत ग्लिबसीनेही हात पुढे केला आहे. कर्नलचा ‘लिनक्स/इन६.एच’ आधी आला असेल तर ती आपल्या व्याख्या वगळते, म्हणजे तिथे दोन्ही क्रम चालतात.

पण सगळीकडे असा दुहेरी करार नाही. आयपीव्ही४च्या स्ट्रक्चरसाठी आणि ‘नेट/इफ.एच’ विरुद्ध ‘लिनक्स/इफ.एच’ साठी सांभाळून घेण्याचं काम कर्नलच्या बाजूने केलं गेलं (इफ.एचचं २०१६ मध्ये). ग्लिबसीचा हेडर आधी आला तर निभतं. उलट क्रमात टक्कर होते.

म्हणून साधा नियम: लायब्ररीचे हेडर वर, ‘लिनक्स/’ आणि ‘एएसएम/’ ने सुरू होणारे खाली. एक सावधगिरी मात्र घ्या. हेडर वर्णानुक्रमे लावणारा फॉर्मॅटर प्रकल्पात असेल, तर तो एके दिवशी ‘लिनक्स’ला ‘नेट’च्या वर नेऊन बसवतो आणि बिल्ड मोडतं. दोन गटांमध्ये रिकामी ओळ आणि ‘क्रम बदलू नये’ अशी एक कॉमेंट ठेवा. फॉर्मॅटर गट मोडून एकत्र करणारा असेल तर तेवढ्या भागापुरता तो बंदच करा.

क्रम कसाही लावला तरी एरर जात नाही. आता?

मग त्या जोडीसाठी करारच नाही. ‘नेटइनेट/टीसीपी.एच’ आणि ‘लिनक्स/टीसीपी.एच’ ही त्यातली नेहमीची जोडी. इथे उपाय एकच: त्या सी फाइलीत दोघांपैकी एकच ठेवा. कर्नलने टीसीपी-इन्फो स्ट्रक्चरमध्ये वेळोवेळी नवे रकाने वाढवले आहेत, ग्लिबसीच्या प्रतीत ते सगळे असतीलच असं नाही. ते हवे असतील तर कर्नलचा हेडर घ्या आणि ग्लिबसीचा सोडा.

याहून बोधप्रद जोडी म्हणजे ‘टर्मिओस.एच’ आणि ‘एएसएम/टर्मबिट्स.एच’. सिरियल पोर्टवर ठरावीक यादीबाहेरचा वेग लावायचा झाला, जसे मिडीचे ३१,२५० किंवा रंगमंचावरच्या दिव्यांच्या डीएमएक्सचे २,५०,००० बॉड, तर कर्नलचं ‘टर्मिओस२’ स्ट्रक्चर आणि ‘टीसीसेट्स२’ आयऑक्टल लागतं. ते स्ट्रक्चर टर्मबिट्समध्ये आहे. पण त्याच फाइलीत ‘टर्मिओस’ नावाचं स्ट्रक्चरही आहे, आणि ते ग्लिबसीच्या त्याच नावाच्या स्ट्रक्चरसारखं नाही. एक्स८६ वर कर्नलच्या स्ट्रक्चरमध्ये नियंत्रण अक्षरांना १९ जागा आणि एकूण आकार ३६ बाइट. ग्लिबसीच्या स्ट्रक्चरमध्ये ३२ जागा आणि ६० बाइट. ‘टर्मिओस२’ ४४ बाइटचं. ग्लिबसीची फंक्शनं मधल्या मध्ये भाषांतर करत असतात, म्हणून एरवी आपल्याला हा फरक दिसत नाही.

आता कल्पना करा, कंपायलरने तक्रार केलीच नसती तर? ग्लिबसीचं स्ट्रक्चर कर्नलच्या आयऑक्टलला दिलं असतं, वेगाचे आकडे भलत्याच ठिकाणी वाचले गेले असते आणि पोर्ट विचित्र वागला असता. तेव्हा ही एरर त्रासदायक असली तरी ती तुमच्याच बाजूची आहे.

मार्ग असा: ‘सिरियल_वेग.सी’ अशी वेगळी फाइल करा. तिच्यात ‘एएसएम/टर्मबिट्स.एच’ आणि ‘सिस/आयऑक्टल.एच’ घ्या, ‘टर्मिओस.एच’ अजिबात नाही. बाहेर दाखवायचं फंक्शन एकच, फाइल डिस्क्रिप्टर आणि वेग हे दोन पूर्णांक घेणारं. त्याच्या हेडरमध्ये दोन्ही बाजूंचा एकही टाइप दिसता कामा नये. बाकीचा प्रोग्राम निवांत ‘टर्मिओस.एच’ वापरतो. २०२५ मध्ये आलेल्या ग्लिबसी २.४२ पासून हवा तो वेग नेहमीच्या टर्मिओस फंक्शनांतूनच लावता येतो. तुमचे सगळे वापरकर्ते त्या आवृत्तीवर असतील तर ही वेगळी फाइल काढून टाका. बहुतेकांना काही वर्षं ती ठेवावी लागेल.

सिग्नलचंही असंच आहे. एक्स८६-६४ वर कर्नलचा सिग्नल संच ८ बाइटचा, ग्लिबसीचा १२८ बाइटचा. ‘सिग्नल.एच’ सोबत ‘एएसएम/सिग्नल.एच’ घेण्याचं खरं कारण क्वचितच असतं. आधी ते कारण तपासा.

हेडर घेण्याआधी नाव बदलणारा मॅक्रो लावायचा, मग काढायचा, ही युक्ती चालते ना?

चालते. टर्मबिट्स घेण्याआधी ‘टर्मिओस’ या नावाचा मॅक्रो करून त्याला ‘एएसएमटर्मिओस’ करायचं आणि नंतर अनडिफाइन करायचं, असा कोड पुष्कळ ठिकाणी दिसतो. मला ती आवडत नाही. त्या हेडरने आत आणखी काय ओढलं, त्यातली कुठली नावं बदलली गेली, हे पुढच्या कर्नल आवृत्तीत कोणी सांगावं? शिवाय इन्क्लूड गार्डमुळे (एकच हेडर दोनदा आत येऊ न देणारी तपासणी) तो हेडर आधीच येऊन गेला असेल तर युक्ती गुपचूप निकामी होते. वेगळी फाइल करायला दहा मिनिटं लागतात.

ग्लिबसी २.३६ नंतर माउंटच्या हेडरवरून इतका गदारोळ का झाला?

ऑगस्ट २०२२ मधल्या त्या आवृत्तीत ग्लिबसीने ‘एफएसओपन’, ‘एफएसमाउंट’, ‘मूव्ह_माउंट’ या नव्या माउंट कॉलांची फंक्शनं आणि त्यांचे टाइप ‘सिस/माउंट.एच’ मध्ये घातले. कर्नलमध्ये हे कॉल २०१९ पासून, ५.२ आवृत्तीपासून होते आणि त्यांचे टाइप ‘लिनक्स/माउंट.एच’ मध्ये. ग्लिबसीत ते नव्हते तोवर प्रोग्राम दोन्ही हेडर घेत होते आणि कोणाचं काही अडत नव्हतं. नव्या आवृत्तीसोबत दोन्हीकडे तेच स्ट्रक्चर आणि तोच एनम आला. त्यात ‘लिनक्स/एफएस.एच’ स्वतःच ‘लिनक्स/माउंट.एच’ ओढत असल्यामुळे, माउंटशी काही संबंध नसलेले आणि केवळ फाइल सिस्टिमचा एखादा आयऑक्टल वापरणारे प्रोग्रामही सापडले. क्यूएमू आणि बीटीआरएफएसची साधनं त्यांत होती.

एररचा एक प्रकार तर पाहण्यासारखा होता: ‘आकड्याच्या आधी नाव अपेक्षित होतं’. ग्लिबसी ‘एमएस_आरडीओन्ली’ हा एनमचा घटक म्हणून लिहिते, कर्नल तोच आकडा १ असलेला मॅक्रो म्हणून. कर्नलचा हेडर आधी आला की मॅक्रो लागू होतो आणि ग्लिबसीच्या एनममध्ये ‘१ = १’ असं वाचलं जातं. कंपायलर बिचारा काय करणार?

नंतर दोन्ही बाजू हलल्या. कर्नलने ‘लिनक्स/एफएस.एच’ मधून ‘लिनक्स/माउंट.एच’ काढला. ग्लिबसीने आपल्या हेडरमध्ये ते मॅक्रो आधी अनडिफाइन करून ‘लिनक्स/माउंट.एच’ असेल तर तोच आत घ्यायला सुरुवात केली. आजच्या अद्ययावत वितरणावर ही एरर दिसू नये. जुन्या सिस्टिमवर अडलात तर ‘लिनक्स/एफएस.एच’ची गरज असलेला भाग वेगळ्या फाइलीत न्या.

माझ्याच फंक्शनवर ‘स्टॅटिक घोषणा आधीच्या घोषणेशी जुळत नाही’ अशी एरर आली. हाही तोच प्रकार?

जवळचा नातलग. २०१९ पर्यंत ग्लिबसीत ‘गेटटीआयडी’ फंक्शन नव्हतं, म्हणून अनेकांनी ‘सिसकॉल’ वापरून त्याच नावाचं छोटं स्टॅटिक फंक्शन लिहून ठेवलं. २.३० मध्ये ग्लिबसीने ते अधिकृतपणे दिलं आणि ती सगळी घरगुती फंक्शनं आडवी आली. उपाय: आपल्या फंक्शनाला प्रकल्पाचा उपसर्ग लावा. लायब्ररीत उद्या येऊ शकेल असं नाव आपण धरून बसायचं नाही. आवृत्ती तपासणारे इफडेफही शक्यतो नकोत. बिल्डच्या वेळी फंक्शन आहे का हे थेट तपासून बघा.

मसल लायब्ररीवर, म्हणजे अल्पाइनवर, एररी वेगळ्याच का येतात?

कारण कर्नलचा करार ग्लिबसीचं नाव घेऊन लिहिलेला होता. मसल स्वतःची ओळख सांगणारा मॅक्रो देतच नाही, आणि हे त्यांनी ठरवून केलेलं आहे. त्यामुळे मसल समोर आहे हे कर्नलच्या हेडरला कळत नाही आणि तो आपली व्याख्या देऊन मोकळा होतो. ‘ईटीएचएचडीआर’, ‘सिसइन्फो’, ‘पीआरसीटीएल_एमएम_मॅप’ ही स्ट्रक्चर पुन्हा डिफाइन झाल्याची एरर अल्पाइनवर दिसली तर मूळ इथे आहे.

२०१७ मध्ये कर्नलने यातून वाट काढली: लायब्ररीला ‘__यूएपीआय_डेफ_…’ मॅक्रो आधीच शून्य करून ठेवता येतो, मग कर्नल ती व्याख्या देत नाही. मसल ‘नेटइनेट/इफ_ईथर.एच’ मध्ये इथरनेट हेडरसाठी हेच करते. अर्थात तो हेडर कर्नलच्या हेडरच्या आधी आला तरच उपयोग, म्हणजे पुन्हा लायब्ररी आधी. ‘सिसइन्फो’ची टक्कर बऱ्याचदा ‘लिनक्स/नेटलिंक.एच’ मधून यायची, कारण तो ‘लिनक्स/कर्नल.एच’ ओढायचा, नंतर त्यातले लागणारे स्थिरांक ‘लिनक्स/कॉन्स्ट.एच’ मध्ये हलवून ही साखळी तोडली गेली. ‘सिस/पीआरसीटीएल.एच’ आणि ‘लिनक्स/पीआरसीटीएल.एच’ मसलवर सोबत घेऊ नका. पहिला पुरतो.

कर्नलचा हेडर माझ्या प्रकल्पात कॉपी करून ठेवू का?

शिस्तीने करणार असाल तर जरूर. आयपीरूट२ असंच करतं: लागणारे यूएपीआय हेडर स्वतःच्या ट्रीमध्ये ठेवतं आणि कर्नलशी वेळोवेळी जुळवून घेतं. ईथटूल आणि एसट्रेसही आपल्या प्रती बाळगतात. फायदा असा, की वापरकर्त्याच्या मशिनवर जुने हेडर असले तरी नवी सोय कंपाइल होते.

अट दोन गोष्टींची. ‘मेक हेडर्स_इन्स्टॉल’ मधून निघालेली प्रत घ्या, कर्नलच्या सोर्समधली कच्ची फाइल नको. आणि ती संपूर्ण घ्या. हवी तेवढी चार स्ट्रक्चर उचलून स्वतःच्या हेडरमध्ये चिकटवली की उद्या सिस्टिमचा हेडर नवा झाला की तीच टक्कर पुन्हा, आणि या वेळी चूक खरोखर आपली. परवान्याचं म्हणाल तर यूएपीआय हेडरांवर बहुधा ‘जीपीएल-२.० विथ लिनक्स-सिसकॉल-नोट’ अशी ओळ असते. नेहमीच्या सिस्टिम कॉलांतून कर्नलच्या सेवा वापरणारा प्रोग्राम कर्नलपासून तयार झालेलं काम धरला जात नाही, असं ती टीप सांगते. फाइल कॉपी करताना ती ओळ खोडू नका.

‘__यू६४’ छापताना वॉर्निंग येते, पण हा तर ६४ बिटांचाच पूर्णांक आहे?

एक्स८६-६४ वर कर्नलचा ‘__यू६४’ म्हणजे अनसाइन्ड लाँग लाँग, आणि ग्लिबसीचा ‘यूइंट६४_टी’ म्हणजे अनसाइन्ड लाँग. आकार तोच, टाइप वेगळे, म्हणून प्रिंटएफच्या फॉरमॅटची तपासणी कुरकुरते. छापताना अनसाइन्ड लाँग लाँगमध्ये कास्ट करा. पॉवरपीसी६४ वर ‘__यू६४’ मुळात अनसाइन्ड लाँग असतो. तिथे हेडर घेण्याआधी ‘__सेन_यूजरस्पेस_टाइप्स__’ डिफाइन केलं तर तो इतरांसारखा होतो.

बीपीएफ प्रोग्राममध्ये ‘व्हीएमलिनक्स.एच’ घेतला आणि बाकी सगळं मोडलं.

तो एकट्याने वापरायचा हेडर आहे. कर्नलच्या बीटीएफ माहितीतून (कर्नलमधल्या टाइपांची नोंद) तो तयार होतो, म्हणजे कर्नलमधले जवळपास सगळे टाइप त्यात आधीच असतात. त्याच्यासोबत ‘लिनक्स/’ खालचा कुठलाही हेडर घेतला की टक्कर ठरलेली. अडचण अशी, की बीटीएफमध्ये मॅक्रो नसतात, म्हणून ‘ईटीएच_पी_आयपी’ सारखे स्थिरांक मिळत नाहीत आणि माणूस ते मिळवायला पुन्हा ‘लिनक्स/इफ_ईथर.एच’ कडे जातो. तसं न करता लागतील तेवढे स्थिरांक स्वतःच्या फाइलीत लिहा. त्यांच्या किमती यूएपीआयचा भाग आहेत, बदलत नाहीत.

दुसरा मार्गही आहे: व्हीएमलिनक्स सोडा आणि फक्त यूएपीआय हेडर वापरा. मग डेबियन-उबुंटूवर ‘एएसएम/टाइप्स.एच सापडत नाही’ अशी एरर येऊ शकते, कारण तिथे ‘एएसएम’ डिरेक्टरी आर्किटेक्चरच्या नावाखाली असते आणि बीपीएफ लक्ष्यासाठी क्लँग तिथे बघत नाही. तो मार्ग ‘-आय’ने जोडून द्या. दोन्हींचं मिश्रण मात्र नको.

सी++ मध्येच एरर येते, सी मध्ये येत नाही.

यूएपीआय हेडर सी साठी लिहिलेले असतात, सी++ ची आठवण नंतर होते. ‘लिनक्स/कीसीटीएल.एच’ मध्ये एका स्ट्रक्चरच्या घटकाचं नावच ‘प्रायव्हेट’ होतं. सी++ मध्ये तो राखीव शब्द. पुढे ‘प्रिव्ह’ हे पर्यायी नाव देऊन ते सावरलं गेलं. असं काही आढळलं तर तेवढा भाग सी फाइलीत लिहून एक्स्टर्न सी ने जोडणं सोपं.

सी२३ मध्ये तेच स्ट्रक्चर दोनदा लिहिता येतं म्हणे. मग हा त्रास संपला?

अर्धा. सी२३ नुसार त्याच नावाचं, तंतोतंत त्याच घटकांचं स्ट्रक्चर, युनियन किंवा एनम एकाच स्कोपमध्ये पुन्हा आलं तर चालतं. जीसीसीने हे १४व्या आवृत्तीत आणलं आणि २०२५ मधल्या १५व्या आवृत्तीपासून सी साठी सी२३ हीच मूळ निवड झाली. पण ‘तंतोतंत’ हा शब्द महत्त्वाचा. घटकाचं नाव किंवा टाइप जरा वेगळा असला की एरर येणारच, आणि टर्मिओससारख्या जोड्यांत ती यायलाच हवी. सी++ ला ही सवलत नाही. जुन्या कंपायलरवर बांधणारे लोक तर आहेतच.

माझ्या ड्रायव्हरचा हेडर यूजरस्पेसला द्यायचा आहे. तो कसा लिहू?

त्यात सी लायब्ररीचा एकही हेडर घेऊ नका, ‘लिनक्स/टाइप्स.एच’ पुरेसा आहे. पूर्णांक ‘__यू३२’, ‘__एस६४’ असे नेमक्या रुंदीचे ठेवा. ‘लाँग’ नको, कारण ३२ बिटांचा प्रोग्राम ६४ बिटांच्या कर्नलवर चालतो तेव्हा त्याची रुंदी दोन्हीकडे वेगळी असते. त्याच कारणाने पॉइंटर ‘__यू६४’ मध्ये पाठवा. मधल्या रिकाम्या जागा स्वतः राखीव घटक घालून भरा आणि ड्रायव्हरमध्ये त्या शून्य आहेत का ते तपासा, म्हणजे उद्या त्या वापरता येतील. वेळ पाठवायची असेल तर ‘टाइमव्हॅल’ नको, ‘__कर्नल_टाइमस्पेक’ किंवा नॅनोसेकंदांचा एक ‘__एस६४’ घ्या.

नावांना ड्रायव्हरचा उपसर्ग लावा. ‘स्ट्रक्ट कॉन्फिग’ आणि ‘मॅक्स_लेन’ अशी नावं जगभरच्या प्रोग्रामांत आधीच आहेत.

कर्नलमध्ये यूएपीआय हेडर एकेकटे कंपाइल होतात का हे तपासणारा ‘कॉन्फिग_यूएपीआय_हेडर_टेस्ट’ हा पर्याय आहे. तो चालू ठेवा. मात्र ही तपासणी प्रत्येक हेडर एकटा घेऊन होते, लायब्ररीच्या हेडरशी होणारी टक्कर तिला दिसत नाही. ती पाहायला आपल्या सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या चाचण्या) तुमचा हेडर आणि लायब्ररीचे संबंधित हेडर दोन्ही क्रमांनी घेणाऱ्या दोन छोट्या फाइली घाला, आणि त्या ग्लिबसी व मसल दोन्हींवर कंपाइल करा.